सौर-पवन विजेला लोकांचा पाठिंबा आहे का? पाटण तालुक्यातून दिसणारं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भारतासारख्या विकसनशील देशातल्या पाहण्यांमध्ये बहुतेक लोक सौर आणि पवन विजेच्या बाजूने बोलतात, मग प्रकल्प दारात आला की तेच गाव विरोधात का उभं राहतं? आणि नव्वद टक्के खर्च सरकार उचलत असताना शेतकरी सौरपंप घ्यायला काचकूच का करतो? तुमच्या प्रबंधाचं गृहीतक असं की लोकांमध्ये जागरूकता कमी आहे, ती वाढवली की स्वीकार वाढेल.

मी ऊर्जा प्रकल्पांच्या सामाजिक बाजूचं काम करते. जमिनीचा करार होण्याआधी गावात बसून बोलणं, ग्रामसभेत शंका ऐकून घेणं, सौरपंप बसून वर्ष-दोन वर्षं झाली की शेतावर जाऊन तो चालतोय का ते पाहणं, असं हे काम. त्या अनुभवावरून आधी एवढंच सांगते की जागरूकतेचं गृहीतक सोडून द्या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाडीत आज सौर पॅनेल न पाहिलेला माणूस सापडणं अवघड आहे. लोकांचं मत ठरतं ते जमीन कोणाची जाते, वीज कोणत्या वेळी येते, बिघाड झाला तर कोण येतं आणि मागच्या वेळी काय झालं होतं, यांवर. वीज पाण्यापासून होते, वाऱ्यापासून की उन्हापासून, याला त्या हिशेबात फार थोडी जागा असते. पाहणीत मात्र आपण नेमकं तेवढंच विचारतो. "सौर ऊर्जा चांगली वाटते का?" याला कोण नाही म्हणेल?

हे नीट बघायचं तर सातारा जिल्ह्यातला पाटण तालुका घ्या. कोळसा न जाळता होणाऱ्या विजेच्या तीन पिढ्या इथे शेजारीशेजारी दिसतात आणि तिन्हींबद्दलची लोकभावना वेगवेगळी आहे.

पहिली पिढी कोयनेची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेची वीज मिळू लागली आणि टप्प्याटप्प्याने प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅटवर गेली. धरणाचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला कोकणाकडे उतरतं आणि वीज राज्यभर जाते. महाराष्ट्राच्या कारखानदारीला या विजेने आधार दिला हे पाटणमध्येही कोणी नाकारत नाही. पण शिवसागर जलाशयात ज्यांची गावं गेली ती माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी पांगली, आणि पर्यायी जमिनीचे दावे नातवंडांपर्यंत चालत आले. डॉ. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाने कोयनानगरला केलेली ठिय्या आंदोलनं अगदी अलीकडच्या काळातली आहेत. जलाशयाच्या काठच्या काही वाड्यांपर्यंत तर धरण होऊन कित्येक वर्षं उलटली तरी वीज पोहोचली नव्हती. अशा घरातल्या माणसासमोर तुम्ही प्रश्नावली घेऊन बसता आणि "जलविद्युत पर्यावरणाला चांगली आहे असं तुम्हाला वाटतं का?" असं विचारता. तो "हो" म्हणतो, तुम्ही खूण करता. त्याच्या मनात जे आहे त्यातलं काहीही त्या चौकटीत उतरलेलं नसतं.

दुसरी पिढी पवनचक्क्यांची. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वनकुसवडे पठारावर आणि पलीकडे चाळकेवाडीच्या बाजूला टॉवर उभे राहू लागले. त्या काळात पवनचक्की घेणाऱ्या कंपनीला प्राप्तिकरात पहिल्याच वर्षी यंत्राच्या पूर्ण किमतीइतका घसारा (झीज म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा होणारी रक्कम) दाखवता येत असे. पुढे ती सवलत ८० टक्क्यांवर आली. म्हणजे पैसा गुंतवणाऱ्याचा मोठा फायदा करात होता आणि तो यंत्र उभं राहिल्याबरोबर हातात पडत होता. यंत्र वीस वर्षं किती वीज देणार आणि गावाशी आपलं नातं कसं राहणार, याची घाई कोणालाच नव्हती. पठारावरची जमीन नाचणी-वरईची, बरीचशी पड. मधल्या माणसांमार्फत ती विकत घेतली गेली, तीही एकदाच पैसे देऊन. विकणाऱ्याला तेव्हा तो भाव बरा वाटला. मग डोंगरावर रुंद रस्ते झाले, मोठमोठे ट्रेलर आले, आणि आपल्या जमिनीवर उभ्या असलेल्या यंत्रातून वर्षानुवर्षं उत्पन्न निघतंय हे त्याला रोज दिसू लागलं. त्याच्या वाट्याला आलं ते एखाद्या मुलाचं रखवालदारीचं काम. या पठारावरचा राग समजून घ्यायचा असेल तर खरेदीखताची तारीख आणि रक्कम विचारा, वाऱ्याबद्दल विचारू नका.

याच काळातली एक समजूत तुमच्या वाचनात आली असेल: पवनचक्क्यांमुळे ढग पांगतात आणि पाऊस पळतो. २००३ च्या आसपासच्या दुष्काळात सातारा-सांगलीकडे आणि धुळ्याकडेही हे जोरात बोललं जायचं. शास्त्रीयदृष्ट्या याला आधार नाही. त्या काळच्या पवनचक्क्यांची पाती जमिनीपासून साधारण शंभर मीटरच्या आतबाहेर फिरायची. पाऊस देणारे ढग काही किलोमीटर उंचीपर्यंत वाढलेले असतात आणि मान्सूनचा प्रवाह शेकडो किलोमीटर रुंद असतो. माण-खटावचा दुष्काळ सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे आहे आणि तो पवनचक्क्यांपेक्षा कितीतरी जुना आहे. १९७२ ला या डोंगरांवर एकही टॉवर नव्हता. हे सगळं मी ग्रामसभांमध्ये सांगते, सांगायलाच हवं. पण या समजुतीला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणारे अभ्यासक मला पटत नाहीत. डोंगरावर अचानक शेकडो अजस्र यंत्रं येतात, ती काय करतात हे गावाला कोणी बसून सांगत नाही, त्यांतून होणाऱ्या कमाईत गावाचा वाटा नसतो आणि नेमके त्याच वर्षांत पावसाने दगा दिलेला असतो. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या यंत्रावर संशय जाणारच. ज्या गावांना रस्ता, कर किंवा भाडं यांतून काही ठोस मिळालं तिथे ढगांची गोष्ट लवकर विरली, असं मी पाहिलं आहे.

तिसरी पिढी मान्याचीवाडीची. जेमतेम शंभर घरांची ही वाडी याच पाटण तालुक्यात आहे, आणि २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून तिचं नाव झालं. घरांच्या छतांवर पॅनेल आहेत आणि लोक पाहुण्यांना कौतुकाने ते दाखवतात. इथले लोक वनकुसवड्याच्या लोकांपेक्षा वेगळे का वागतात? त्यांना हवामानबदलाची जास्त माहिती आहे म्हणून नाही. पॅनेल त्यांच्या स्वतःच्या छतावर आहे, बिलातली बचत त्यांच्या घरात राहते, आणि निर्णय ग्रामसभेत झाला. शिवाय ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धांपासून एकत्र काम करायची सवय या गावाला सौर पॅनेलच्या कितीतरी आधी लागली होती. म्हणूनच मान्याचीवाडीचं उदाहरण सगळीकडे जसंच्या तसं लागू होईल असं मी कोणाला सांगत नाही. ही सवय ज्या गावात नाही तिथे पॅनेल बसवता येतात, सौरग्राम करता येत नाही.

आपल्याकडे हा धडा शंभर वर्षांपूर्वीच लिहिला गेला आहे. १९२१ साली मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. मुंबईला वीज मिळावी म्हणून मावळच्या शेतकऱ्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. सेनापती बापट त्या लढ्यात तुरुंगात गेले, आणि शेवटी धरण झालंच. मुळशीच्या शेतकऱ्याला विजेचा तिटकारा नव्हता. त्याची जमीन जात होती आणि दिवे दुसरीकडे लागणार होते. आजच्या बहुतेक विरोधांची मांडणी हीच आहे, फक्त धरणाच्या जागी पॅनेल किंवा पाती आली.

आता सौरपंपाकडे येते, कारण महाराष्ट्रात सौर विजेबद्दलचं मत सर्वांत जास्त याच एका गोष्टीवरून बनतंय.

शेतकऱ्याला दिवसा वीज हवी आहे, आणि किती हवी आहे हे शहरातल्या माणसाला कळणं कठीण आहे. वर्षानुवर्षं शेतीची थ्री फेज लाईट आळीपाळीने मिळत आली: एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात डिसेंबरच्या थंडीत बॅटरी घेऊन माणूस उसात नाहीतर गव्हात दारं धरायला जातो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात उसात बिबट्या असतो, आणि सापाची भीती तर सगळीकडेच. घरातली बाई तो परत येईपर्यंत जागी असते. दिवसा वीज देणारं काहीही या लोकांना नकोसं होण्याचं कारण नाही. तरीही सौरपंप म्हटलं की माणूस थबकतो, कारण त्याचा हिशेब पुढे चालू असतो.

मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची, बाकी अनुदान. पंपाची ताकद जमिनीवरून ठरते: अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. कागदावर हे सुटसुटीत आहे. पण पंपाला किती ताकद लागते हे पाणी किती खोलावर आहे यावरूनही ठरतं. मराठवाड्यात दोन एकरवाल्याचा बोअर पाचशे फूट असू शकतो आणि कोल्हापूरच्या नदीकाठच्या पाच एकरवाल्याला पाणी हाताशी असतं. पहिल्याला ३ अश्वशक्तीचा पंप मिळाला आणि नळीतून बारीक धार आली, की त्या शिवारातल्या पुढच्या दहा जणांचं मत तिथल्या तिथे ठरून जातं. जाहिरात काय म्हणते याला मग अर्थ उरत नाही.

दुसरी अडचण वेळेची. सौरपंप पहाटे चालत नाही, ढगाळ दिवशी दम टाकतो, आणि हिवाळ्यात सकाळी नऊ-दहापर्यंत त्याच्यात जोर येत नाही. विजेच्या पंपावर सलग आठ तास पाणी देण्याची ज्याला सवय आहे त्याला पाण्याची पाळी नव्याने बसवावी लागते. ठिबक आणि शेततळं असलेला शेतकरी हे सहज जमवून घेतो. पाटपाण्याने ऊस भिजवणाऱ्याला जड जातं. म्हणूनच एकाच गावात सौरपंपाचं भरभरून कौतुक करणारा आणि त्याच्या नावाने बोटं मोडणारा असे दोघेही भेटतात, आणि दोघेही खरं बोलत असतात.

तिसरी अडचण दुरुस्तीची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी आहे. विजेची मोटर जळाली तर बाजाराच्या गावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान असतं. तिथला माणूस ओळखीचा, उधारीवर काम करणारा, दोन दिवसांत मोटर परत देणारा. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर वायरमनच्या मागे लागता येतं, दहा शेतकरी मिळून उपकेंद्रावर जाता येतं. सौरपंपाचा कंट्रोलर बंद पडला की तो उघडणारा माणूस तालुक्यात नसतो. पाच वर्षांची हमी असते, पण ज्या कंपनीने पंप बसवला तिचा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा त्याहून लांब असतो, आणि पीक त्याच्यासाठी थांबत नाही. वळवाच्या वादळात पॅनेलचा सांगाडा वाकला किंवा केबल चोरीला गेली तर विम्याचा दावा कोणी करायचा हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ज्या भागात दुरुस्ती वेळेवर होते तिथे सौरपंपाबद्दल लोक चांगलं बोलतात. नळी, विहीर, पीक तेच असूनही. मला जर एकच खर्च वाढवायला सांगितला तर मी प्रचाराचा वाढवणार नाही. रिवाइंडिंगवाल्या पोरांना कंट्रोलर दुरुस्त करायला शिकवण्यावर आणि सुटे भाग तालुक्याला ठेवण्यावर तो करीन.

चौथी गोष्ट भीतीची. विजेच्या जोडणीसाठी कोटेशन भरून वर्षानुवर्षं थांबलेले शेतकरी आहेत. त्यांना वाटतं की एकदा सौरपंप घेतला की विजेच्या तारेवरचा आपला हक्क कायमचा गेला. शिवाय २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बिल नाही. सौरपंपाची मोठी जमेची बाजू काय होती? बिल येत नाही ही. शेजाऱ्याच्या विजेच्या पंपालाही बिल येत नसेल तर शेतकरी सौरपंपाकडे तेवढ्याच ओढीने बघणार नाही. एका योजनेने दुसऱ्या योजनेबद्दलचं मत असं बदलतं, आणि अभ्यासात हे "सौर ऊर्जेविषयी उदासीनता" म्हणून नोंदलं जातं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं गणित वेगळं आहे आणि मला ते जास्त आशादायक वाटतं. २०१७ मध्ये ही कल्पना आली, राळेगणसिद्धीला सुरुवातीचा प्रकल्प झाला, आणि २०२३ मध्ये दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीवर दिवसा सोडायची. युनिटमागे सुमारे तीन रुपयांनी ही वीज महावितरणला मिळते. शेतकऱ्याची मोटर तीच, तार तीच, रिवाइंडिंगवाला तोच. त्याला फक्त एवढंच जाणवतं की लाईट आता दिवसा असते. सौर विजेचा इतका शांतपणे झालेला स्वीकार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. अशा शेतकऱ्याला तुम्ही विचारलंत की तुम्ही सौर ऊर्जा वापरता का, तर तो नाही म्हणेल. तुमच्या आकडेवारीत तो विरोधकांत किंवा तटस्थांत जाईल.

पण याच योजनेत जमिनीचा प्रश्न उभा राहतो, आणि इथे मला तुमचं विशेष लक्ष हवं आहे. एक मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. खाजगी जमीन भाड्याने द्यायची तर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये आणि दर वर्षी तीन टक्के वाढ, म्हणजे एकरी सुमारे पन्नास हजार. मराठवाड्यातल्या जिरायत जमिनीला हे भाडं नक्कीच चांगलं आहे, आणि सातबारा ज्याच्या नावावर आहे तो खूश असतो. तीच जमीन बटईने कसणारा मात्र करारात कुठेच नसतो. सरकारी जमिनीवर प्रकल्प असेल तर बहुतेक वेळा ती गायरान असते. कागदावर ती रिकामी. प्रत्यक्षात तिथे शेरडं-मेंढरं चरतात, भूमिहीन कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या तुकडे कसलेले असतात, स्मशानाची किंवा शिवाराची वाट त्यातूनच जाते. कुंपण पडलं की हे सगळं एका दिवसात बंद होतं. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख असं तीन वर्षं अनुदान मिळतं; प्रकल्प मात्र पंचवीस वर्षांचा. चौथ्या वर्षापासून गावाने त्या कुंपणाकडे कोणत्या भावनेने बघावं? गायरानावरच्या प्रकल्पांना मराठवाड्यात जो विरोध होतो त्याला मी सौरविरोध म्हणत नाही. तो चराईच्या आणि वहिवाटीच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि कुंपण घालताना पाणंद मोकळी सोडणं, चराईसाठी दुसरी जागा नेमून देणं अशा साध्या गोष्टींनी तो बराच सुटतो. त्या गोष्टी आधी करायच्या असतात. पोलीस बंदोबस्त आल्यावर केलेल्या बोलण्यावर गाव विश्वास ठेवत नाही.

जैसलमेरकडे ओरणांवरून, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या चराऊ रानांवरून, असाच संघर्ष आहे. कर्नाटकात पावगडाला वेगळा मार्ग निवडला गेला: दोन हजार मेगावॅटहून मोठ्या सौर पार्कसाठी सुमारे तेरा हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून विकत न घेता भाड्याने घेतली, एकरी वार्षिक २१ हजार रुपयांनी सुरुवात करून. मालकी शेतकऱ्याकडेच राहिल्याने तिथे वनकुसवड्यासारखी फसवणुकीची भावना कमी आहे. शेतमजुरांचं काम गेलं, त्याचं उत्तर मात्र तिथेही कोणाला नीट सापडलेलं नाही.

पवनऊर्जेत पैसा आणि जमीन जिथे एकत्र येतात तिथे गावातले दांडगेही येतात, हेही अभ्यासात यायला हवं. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्या तपासात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा विषय राज्यभर गाजला. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावांत पवनचक्कीबद्दल प्रश्न विचारताना लोक इकडेतिकडे बघून बोलतात. "मत नाही" असं उत्तर अशा ठिकाणी पुष्कळ वेळा भीतीमुळे आलेलं असतं. ते उदासीनतेत मोजू नका.

महाराष्ट्राबाहेरची दोन उदाहरणं तुमच्या प्रबंधात असायला हवीत. बिहारमधल्या जेहानाबाद जिल्ह्यातल्या धरणई गावात २०१४ मध्ये ग्रीनपीसने शंभर किलोवॅटचं सौर सूक्ष्मजाळं, म्हणजे गावापुरती स्वतंत्र वीजव्यवस्था, उभारली. तीन दशकं अंधारात असलेलं गाव उजळलं, जगभर बातम्या झाल्या. पण त्या वेळी माजी मुख्यमंत्री असलेले नितीश कुमार गावात आले, तेव्हा गावकऱ्यांनी मागणी केली ती "असली बिजली"ची, म्हणजे खऱ्या विजेची. सौर विजेवर दिवे-पंखे चालत, फ्रीजसारखी जड उपकरणं चालवायला मनाई होती, आणि दर सरकारी विजेपेक्षा जास्त. पुढे सरकारी तार आली आणि सौर केंद्र ओस पडलं. त्या लोकांना कृतघ्न म्हणणारे लेख मी वाचले आहेत आणि ते वाचून मला वाईट वाटतं. शहराला जी वीज मिळते तीच आपल्यालाही मिळावी, कमी ताकदीची वेगळी वीज गरिबासाठी नको, ही त्यांची मागणी पूर्ण न्याय्य होती.

दुसरं उदाहरण गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडीचं. तिथे सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने मदत केली. पंपाला लागून उरलेली वीज २०१६ पासून वीज कंपनीला युनिटमागे ४ रुपये ६३ पैशांनी विकली जाऊ लागली. सौरपंपाचं एक दुखणं असं की वर्षातले बरेच दिवस पाणी द्यायचं नसतं आणि ऊन वाया जातं. ढुंडीत तेच ऊन पीक झालं. वीज विकली जाते म्हटल्यावर पाणीही जपून उपसलं जाऊ लागलं. या शेतकऱ्यांना सौर विजेबद्दल काय वाटतं हे विचारायचीही गरज नाही. ते पॅनेल स्वतःहून पुसतात.

नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात बिलगावचं एक उदाहरणही विसरू नका. २००३ मध्ये तिथल्या आदिवासींनी श्रमदानातून, केरळच्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने, धबधब्यावर १५ किलोवॅटचा छोटा वीजप्रकल्प उभा केला आणि स्वतः चालवला. २००६ मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्यात तो बुडाला. मोठ्या जलविद्युत प्रकल्पाने गावाचा छोटा जलविद्युत प्रकल्प गिळला. "अपारंपरिक ऊर्जेला तुमचा पाठिंबा आहे का?" असा एकच प्रश्न बिलगावात विचारता येईल का, ते तुम्हीच ठरवा.

शहरांबद्दल थोडक्यात. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि महाराष्ट्रात शंभर युनिटच्या वर घरगुती विजेचा दर झपाट्याने चढतो. त्यामुळे स्वतःचा बंगला आणि महिन्याला दोन-तीनशे युनिट वापर असलेल्या माणसाला हे लगेच पटतं. महिन्याला साठ-सत्तर युनिट वापरणाऱ्याची बचतच इतकी कमी की तो उत्साही नसतो. भाडेकरूचा संबंधच येत नाही. सोसायटीत गच्चीचा हक्क, स्लॅबची गळती आणि वरच्या मजल्यावरच्या सभासदाचा आक्षेप यांवर सर्वसाधारण सभेत दोन-दोन वर्षं जातात. पुणे-नाशिककडे आणखी एक जुना अनुभव आडवा येतो: क्षार साचून निकामी झालेले सौर बंब अजून गच्च्यांवर पडून आहेत, आणि "सोलर" म्हटलं की अनेकांना तेच आठवतं. नेट मीटरिंगचे, म्हणजे छतावरची उरलेली वीज बिलातून वजा करण्याचे, नियम बदलणार अशी नुसती चर्चा झाली तरी पैसे भरायला निघालेला माणूस थांबतो.

आता तुमच्या प्रश्नावलीबद्दल. "वाटतं का", "पाठिंबा आहे का" असे प्रश्न कमी करा आणि केलेल्या गोष्टी विचारा. विहीर की बोअर, किती फूट? कोटेशन भरलंय का, कधी? गेल्या रब्बीत किती रात्री शेतावर गेलात? गावातला कोणता सौरपंप बंद आहे आणि किती दिवसांपासून? बंद पडला तेव्हा फोन कोणाला केला, माणूस कधी आला? पंचायतीच्या सौर दिव्यांपैकी किती लागतात, बॅटऱ्या कुठे गेल्या? गोबर गॅसची टाकी कोणाकडे होती, ती का सोडली? १९८० च्या दशकात बांधलेल्या आणि आज कडबा भरून ठेवलेल्या टाक्या बऱ्याच गावांत आहेत. नव्या योजनेबद्दलचं मत त्या टाकीपासून सुरू होतं.

जमिनीबद्दल विचारताना फक्त सातबाराधारकांची यादी घेऊन फिरू नका. बटईदार, मेंढपाळ, गायरान कसणारी कुटुंबं यांचा वेगळा नमुना काढा, आणि बायकांशी बायकांनीच, घरातले पुरुष समोर नसताना बोलावं. गायरानातल्या शेळ्या, सरपण आणि शेण बाईच्या हिशेबात असतात, सातबाऱ्यावर तिचं नाव क्वचितच असतं. जमीन भाड्याने द्यायचा निर्णय तिला बहुधा नंतर कळतो. दिवसा विजेची सर्वांत ठाम समर्थकही तीच असते.

वेळही विचारपूर्वक निवडा. एकाच शेतकऱ्याला रात्रपाळीच्या आठवड्यात आणि दिवसपाळीच्या आठवड्यात विचारलंत तर सौर विजेबद्दल दोन वेगळी उत्तरं मिळतील. जमलं तर डिसेंबर-जानेवारीत एकदा आणि पावसाळ्यात ढगाळ दिवस लागले असताना पुन्हा एकदा जा. निवडणूक किंवा जमिनीचा करार तोंडावर असताना मात्र नको, तेव्हा प्रत्येक उत्तर कोणाला तरी ऐकवण्यासाठी दिलेलं असतं. आणि निष्कर्ष लिहून झाले की ते त्याच गावांच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. लोक तिथे तुमचे आकडे दुरुस्त करतील, कोणता पंप कोणाचा आणि का बंद आहे ते नावानिशी सांगतील. त्या दुरुस्त्या घालून मगच प्रबंध सादर करा.